वामनराव मास्तरांची दोन महिन्यांची रजा

शाळामास्तर दमतो कशाने, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. तो सावलीत बसतो, ओझे उचलत नाही, आणि सूर्य वर असतानाच घरी परततो. माझे वडील बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात पटवारी होते. दिवसभर शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने हिंडायचे. मी शाळेत लागलो तेव्हा ते म्हणाले, "नागो, तुले तर बसल्याचा पगार भेटते!" मी हसलो, कारण तेव्हा मलाही तसेच वाटत होते.

पुढे अकोल्यात आणि मग अमरावतीत माझे सगळे आयुष्य मास्तरकीत गेले. दिवाळीच्या अंकासाठी शाळेतल्या गमती लिहा, असे संपादकांनी कळवले आहे. गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "याले सही शिकवा फक्त. बाकीचं मी पायतो." एका आजीबाईने नातवाला मार बसतो की काय हे पाहायला आठवडाभर वर्गाच्या दारात बैठक मारली होती. शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "तू कमीच मारतं, बापा. याले अजून दोन दे." पण आज मला निराळे सांगायचे आहे. ते वामनराव मास्तरांचे आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे.

तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी असा भाव आला की लोकांचा त्यावर विश्वास बसेना. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. आमची शाळा अकोल्यात बाजाराच्या वाटेवर एका भाड्याच्या लांबट घरात भरे. वेचणीच्या दिवसांत सकाळपासून कापसाच्या खासरांची रांग खिडकीखालून जाई. चाकांची करकर, गाडीवानांच्या आरोळ्या, आणि खिडकीतून आत येणारे रुईचे पुंजके. बाराखडी म्हणणाऱ्या पोराच्या उघड्या तोंडात पुंजका जाई आणि तो खोकत बसे.

शाळेचे हेडमास्तर वामनराव. ते साताऱ्याकडचे, चाळिशीचे, उंच आणि किडकिडीत. आई आणि बायको गावी. चार वर्षांत ते एकदाच घरी जाऊन आले होते. मी त्यांच्या हाताखालचा दुसरा मास्तर, आणि आणखी एक तिसरा होता. ओट्यावर हिंदुस्तानी वर्ग भरे, तो मुन्शीजी चालवत. मुन्शीजी अकोल्याचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. उर्दू जितकी सफाईदार, तितकीच वऱ्हाडी.

वामनरावांइतका चांगला शिक्षक मी नंतर पाहिला नाही. भूगोल शिकवायचा तर ते अंगणात ओल्या मातीचा सातपुडा रचत, त्याच्या पायथ्याशी बोटाने रेघ ओढत आणि एका मुलाच्या हाती पाण्याचा तांब्या देत. पाणी डोंगरावरून धावत खाली येऊन रेघेत शिरे. मुले ओरडत, "पूर्णा आली, पूर्णा आली!" मग ते विचारत, "आता ही जाईल कुठे?" उत्तर कोणी देण्याच्या आधीच पाणी भिंतीपाशी साचलेले असे आणि ते म्हणत, "अरेरे, तापी करायची राहिली." दुसऱ्या दिवशी सगळी शाळा तापी करायला वेळेच्या आधी हजर!

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचे कळेल. एका मास्तराकडे चाळीस मुले, आणि तीही चार निरनिराळ्या पायऱ्यांवरची. एका कोपऱ्यात बाराखडी, दुसऱ्यात पाढे, तिसऱ्यात मोडी, चौथ्यात हिशेब. एकाशी बोलताना बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांवर कान ठेवावा लागतो. हा कान दिवसभर ताणलेला असतो आणि घरी आल्यावर तो आपोआप सैल होत नाही. दुसरे म्हणजे राग. खरा आलेला गिळायचा आणि आलेला नसताना आणून दाखवायचा. माया वाटत असते एका पोराबद्दल आणि हात फिरवावा लागतो सगळ्यांच्या पाठीवरून सारखा. हे काम ज्याला येत नाही तो मास्तर होत नाही, आणि ज्याला येते तो संध्याकाळी आतून रिकामा होऊन घरी जातो.

हे ओझे थोडे हलके होई ते वरच्या वर्गातल्या मोठ्या मुलांमुळे. आपला धडा झाला की ती लहानांना पाढे घोकवत, कित्ते तपासत. वामनरावांनी अशी सहा मुले तयार केली होती. त्यांतला गणपत त्यांचा विशेष लाडका. कुणब्याचा पोर, हाताला वळण सुंदर, आणि लहानांना शिकवताना आवाज न चढवणारा. हा मास्तर होणार, असे वामनरावांनी मनाशी ठरवून टाकले होते.

त्या वर्षी बाजारात लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला सोन्याचा भाव आला. वजने टिपायला, चिठ्ठ्या लिहायला माणसे हवी होती. आधी आमचा तिसरा मास्तर एका व्यापाऱ्याकडे गुमास्ता म्हणून गेला. मग मोठ्या मुलांतला एक गेला, मग दोघे. दसरा ते संक्रांत एवढ्यात सहाही गेली. गणपत शेवटी गेला. त्याचा बाप सांगायला आला होता. ओशाळून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी त्याले लई शिकवलं. आता त्याचा उपेग होऊन रायला." वामनराव म्हणाले, "बरे झाले." आणि आत जाऊन त्यांनी त्याचे नाव हजेरीतून कमी केले.

त्यानंतरचा बदल हळूहळू, पुढच्या वेचणीपर्यंतच्या वर्षभरात झाला. ते पूर्वीसारखेच वेळेवर येत, पागोटे नीट बांधलेले असे. पण अंगणात माती भिजेनाशी झाली. मुलांना ते नावाने हाक मारीत, ते बंद होऊन 'ए', 'तू', 'तो तिकडचा' सुरू झाले. शाळेत असताना हजेरीपट नव्याने सुवाच्य उतरवून काढणे हे त्यांचे मुख्य काम होऊन बसले. इतका सुबक हजेरीपट मी कधी पाहिला नाही, आणि त्या वेळी वर्गात शिकणे असे काही चालत नव्हते. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एक हिशेब मांडला आणि मुलांकडे पाठ करून त्याकडे पाहत उभे राहिले. मुले आधी गप्प बसली. मग कुजबुजली. मग खिडकीत चढून खासरे मोजू लागली. शाळा सुटेपर्यंत मास्तर तसेच उभे होते.

त्यांची मुले सांभाळायची पाळी माझ्यावर आली. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. मला वाटले, माणूस आळसावला. पगार घेतो आणि काम माझ्या गळ्यात टाकतो. माझा आवाज बसला, हात सुटू लागला. ज्या पोराने काही केले नाही त्याच्याही पाठीत धपाटा बसे. घरीही तेच. एकदा जेवताना आमटीत मीठ कमी वाटले, आणि मी बायकोला म्हणालो, "उभी राहा!"

तिने वाढायची पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "काहून? मीबी पाढा चुकली का?"

मला हसू यायला हवे होते, ते आले नाही. ती पुढे म्हणाली, "तुमी घरीबी हजेरी घेऊन रायले आजकाल. मले भेव वाटते तुमचं." मी ताटावरून उठलो. ती म्हणाली ते खरे आहे हे कळत होते, आणि त्याचे खापर फोडायला मला वामनराव सापडले.

त्याच आठवड्यात मी दिपोटींना अर्ज लिहिला. दिपोटी म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा तपासत फिरणारे अंमलदार. त्यांच्या एका शेऱ्यावर मास्तराची नोकरी राही किंवा जाई. 'हेडमास्तर कामात हयगय करतात, वर्ग वाऱ्यावर सोडतात, शाळेचे नुकसान होत आहे', असा मजकूर होता. त्यात खोटा एकही शब्द नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांची जागा मला हवी होती का? तेव्हा कोणी विचारले असते तर मी संतापलो असतो. आज विचारले तर, थोडीशी हवी होती, असे कबूल करीन.

अर्ज गेल्यानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. मी एका पोराला बखोट धरून बाहेर ओढून आणत होतो. मुन्शीजी ओट्यावरून उठले, पोराला माझ्या हातातून सोडवले आणि म्हणाले, "जा रे पोट्ट्या, आत बस." मग मला अंगणातल्या निंबाखाली बसवले. आमचे पाण्याचे माठ वेगळे, पण निंबाची सावली एकच होती.

"मास्तर, मले सांग, राग आला म्हंजे तू काय करतं?"

"काय करणार? येतो."

"मी पाणी पितो," मुन्शीजी म्हणाले. "घोट गिळत नाई. तोंडात धरून ठेवतो. तोंडात पाणी असल्यावर शिवी देता येत नाई, वरडता येत नाई. तेवढ्या टायमात पोराकडे पायतो. बहुत वेळा दिसते का पोरानं काईच केलं नाई. मंग गिळून टाकतो." ते हसले. "उन्हाळ्यात मले लई पाणी लागते."

मी वामनरावांची तक्रार सुरू केली. त्यांच्यामुळे माझे हे हाल आहेत, ते काम करत नाहीत, वगैरे. मुन्शीजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तो माणूस बिघडला नाई," ते म्हणाले. "थकला. बिघडलेला माणूस दुसऱ्याले तरास देऊन मजेत रायते. हा मजेत हाय का?"

मग मी त्यांना अर्जाचे सांगितले.

मुन्शीजींचा चेहरा एकदम उतरला. ते खाली पडलेला निंबाचा पाला काठीने सरकवत राहिले. "कागद गेला आता," ते शेवटी म्हणाले. "तो काई माघारी येत नाई. पण दिपोटी यायच्या आंधी तू सोताच्या तोंडानं त्याले सांग. दुसऱ्याकडून कळलं त मरून जाईन तो."

मी हो म्हटले आणि सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे पंधरा दिवस गेले. रोज सकाळी मी ठरवून येई, आणि त्यांचा तो कोरा चेहरा पाहिला की मी आपल्या वर्गाकडे वळे.

मग एका दुपारी वामनराव वर्गातून उठले, जोडे घातले आणि काही न बोलता बाहेर पडले. मी मुले मुन्शीजींच्या हवाली करून त्यांच्या मागे गेलो. ते बाजाराच्या दिशेने चालले होते. खासरांच्या रांगेतून, धुळीतून, अंगावर रुई घेत ते सरळ वजनकाट्यापाशी जाऊन उभे राहिले.

काट्यापाशी गणपत बसला होता. मांडीवर वही, कानावर लेखणी, डोक्याला नवा फेटा. मापारी वजन ओरडून सांगे आणि गणपत मान वर न करता लिहून घेई. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. नुसती सावली दिसली म्हणून तो ओरडला, "अय, बाजूले व्हा ना! खासर येऊन रायलं!"

वामनराव बाजूला झाले. खासर गेले. तेव्हा गणपतने वर पाहिले आणि धडपडत उठला. "गुरुजी! तुमी?" त्याने धुळीतच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. पोराला मनापासून आनंद झाला होता, त्यात शंका नाही. त्याने आपली वही पुढे केली. "पाहा ना. अख्ख्या बाजारात माह्यावाणी तेज कोनी लिवत नाई. तुमीच शिकवलं ना?"

वामनरावांनी वही हातात घेतली. पाने चाळली. म्हणाले, "रेघ वाकडी होते आहे गणपत. ओळ वर चढते."

गणपत हसला. "अथी रेघ कोन पायते, गुरुजी?" मग त्याला काय वाटले कोण जाणे, आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुमी बहुत वाळले. शाया सोडून अथीच या ना. माह्या शेठले मी सांगतो. शेठ माह्यं ऐकते."

गुरूवर माया असलेला मुलगाच असे बोलतो. पण वामनरावांनी वही मिटली, ती दोन्ही हातांनी परत दिली, आणि आम्ही तिथून निघालो.

ते मोर्णा नदीच्या काठाला आले. पाण्याशी एका दगडावर बसले. मी उभा होतो. आता नाही तर कधीच नाही, असे वाटून मी बोलून टाकले. "वामनराव, मी तुमच्याविरुद्ध दिपोटींकडे अर्ज केला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कित्येक आठवड्यांनी मला वाटले की ते खरोखर माझ्याकडे पाहत आहेत.

"काय लिहिलेत?"

मी सांगितले. शब्द न शब्द.

"यातले खोटे काय आहे?"

"काही नाही. पण..."

"मग तुम्ही रडता कशाला?" ते म्हणाले. मी रडतो आहे हे मला तोवर कळले नव्हते. "नागोराव, अहो, इतक्या दिवसांत माझ्याकडे लक्ष देऊन पाहणारे तुम्हीच निघालात. भले तक्रार लिहायला का होईना."

ते चिडले असते तर मला सोपे गेले असते. मग ते आपणहून बोलू लागले. वर्गात उभे राहिले की शब्द तोंडाशी येतात, म्हणाले, पण समोरची मुले काचेपलीकडे असल्यासारखी दिसतात. कोणाला सांगायचे आणि कशाला, हेच सुचत नाही. घरी पत्र लिहायला बसावे तर 'सर्व क्षेम' यापुढे हात चालत नाही. सकाळी पागोटे बांधताना रोज वाटते की हे बांधायला आज कोणी नसते तर बरे झाले असते. हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारले की मला तसे उभे राहवेना. मी त्यांच्याजवळ दगडावर बसलो. सल्ला द्यायला माझ्याजवळ काही नव्हते, आणि आज वाटते की नव्हते तेच बरे.

दिपोटी दहा दिवसांनी आले. करड्या मिश्यांचे, पोक्त गृहस्थ. दमणीतून उतरले आणि पाणी पिऊन लगेच परीक्षा घ्यायला बसले. मुलांनी दिवे लावले. पाढ्यांत अडखळली, मोडी वाचताना गप्प झाली. मग दिपोटी वामनरावांना म्हणाले, "तुम्ही स्वतः एक धडा देऊन दाखवा."

वामनराव फळ्यापाशी गेले. खडू घेतला. मुले पाहत होती, मी पाहत होतो. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले. मग खडू खाली ठेवून ते दिपोटींकडे वळले.

"साहेब, मला शिकवता येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"पूर्वी येत होते. आता येत नाही. का ते मला ठाऊक नाही."

इतक्या मुलांच्या देखत आणि वरिष्ठांच्या तोंडावर हे सांगणे किती कठीण आहे, हे मास्तरांनाच कळेल. दिपोटींनी मुलांना अंगणात पाठवले. मग त्यांनी बासनातून माझा अर्ज काढला.

"ही सही तुमची?"

"होय साहेब. मी यांना ते सांगितले आहे." मी पुढे होऊन म्हणालो, "लिहिले आहे ते घडलेले आहे. पण हयगय हा शब्द चुकीचा आहे. यांनी हयगय केली नाही. हे दमले आहेत. हयगय माझी झाली, मी यांच्याशी बोलायच्या आधी तुम्हाला लिहिले."

दिपोटींनी अर्ज बाजूला ठेवून आपले शेऱ्याचे पुस्तक उघडले. "दमले," ते म्हणाले. "मास्तर, हे मी कोणत्या रकान्यात लिहू? सरकारात असा रकाना नाही."

ओट्यावरून मुन्शीजींचा आवाज आला. ते आपल्या वर्गात बसून सगळे ऐकत होते. "साहेब, ताप लिवा! मास्तराले वरीसभराचा ताप हाय. म्या सोता पायला."

दिपोटींच्या मिशीत हसू आले. त्यांनी लेखणी बुडवली आणि 'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे दोन महिन्यांची रजा' असे लिहिले. काम मी पाहावे असाही हुकूम लिहिला. जाताना दमणीपाशी त्यांनी मला एकट्याला बाजूला घेतले. वाटले, शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "अर्जात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मास्तराने अर्ज लिहिताना तरी ऱ्हस्वदीर्घ पाहावे. आणि बदली मास्तर मिळणार नाही, सगळे मास्तर कापसात गेलेत." दमणीत चढता चढता ते थांबले. "मी वर्ग सोडून दिपोटी का झालो, असे तुम्हाला वाटते?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी गाडी हाकायला सांगितले.

रजा मिळाली खरी, पण वामनराव गावी जायला तयार होईनात. हे तोंड घेऊन आईपुढे उभा राहणार नाही, म्हणत. घरी मी हे बोलून दाखवले तेव्हा माझी बायको म्हणाली, "मामंजींकडे पाठवा त्याईले. तथी कोनी काई विचारत नाई." तिचे खरे होते. आमच्या गावात माणूस आला की त्याला जेवू घालतात, आणि तो का आला हे तो सांगेल तेव्हा ऐकतात.

ते दोन महिने शाळा मी आणि मुन्शीजींनी ओढली. लहान मुलांचे पाढे त्यांनी आपल्या ओट्यावर घेतले. "पाढ्याले कोनती जबान असते?" असे म्हणून त्यांनी मराठी आणि हिंदुस्तानी पोरे एकाच रांगेत बसवली. शाळा सुटल्यावर आम्ही अर्धी घटका निंबाखाली बसत असू. त्यांची अट होती की दिवसभरात जे झाले ते इथे बोलून टाकायचे आणि घरी न्यायचे नाही. समोरच्याने फक्त ऐकायचे, शहाणपण शिकवायचे नाही. मला हे सुरुवातीला पोरकट वाटले. महिन्याभराने माझी बायको म्हणाली, "आजकाल तुमी लवकर घरी येता का?" मी तर उलट उशिरा येत होतो.

वामनरावांची खबर वडिलांकडून मिळाली. ते कापूस घेऊन बाजारात आले तेव्हा शाळेत डोकावले. "तुहा मास्तर पयले आठ दिवस नुसता झोपला," ते म्हणाले. "मले वाटलं, बिमारच हाय का काय. मंग एक दिवस माह्यासंगं वावरात आला. आता रोज येते. बायांसंगं कापूस बी वेचला त्यानं, बाया हासून रायल्या त्याले. परवा म्हणे, 'पटवारीबुवा, पाय दुखतात.' मी म्हणलं, बेस झालं."

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. लढाई संपली, भाव कोसळले, आणि बाजारातली निम्मी माणसे घरी बसली. गेलेल्या मुलांतली दोघे शाळेत परत आली. गणपत आला नाही. तो बाजारातच टिकला, अडत्या झाला, आणि शेवटपर्यंत मला रस्त्यात भेटला की थांबून वाकत असे. वामनरावांनी बायको-आईला अकोल्यास आणले आणि पुढे कित्येक वर्षे काम केले. हेडमास्तरकी मात्र त्यांनी आपणहून सोडली. ती माझ्याकडे आली. मला हवी होती ती जागा अशी मिळाली, आणि तिच्यात बसताना मला कधी पुरते सुख झाले नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिला आहे तो ते परत आले तो आठवडा. पहिल्या दिवशी ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले. चेहरा उन्हाने रापलेला, अंगावर थोडे मांस चढलेले. आत माझा वर्ग चालू होता. ते म्हणाले, "नागोराव, आज मी फक्त बसतो. चालेल?" आणि खुर्चीकडे न जाता सरळ मागे जाऊन मुलांत जमिनीवर बसले. एक पोरगा शेजारच्याला कोपराने ढकलत म्हणाला, "सरक ना बे! मास्तराले बसू दे." दुसऱ्या दिवशीही ते तसेच बसले. तिसऱ्या दिवशीही. माझा धीर सुटत चालला. मी मुन्शीजींना विचारले, "हे असे किती दिवस?" त्यांनी तोंडात घोट धरला होता. हातानेच 'राहू दे' अशी खूण केली.

चौथ्या दिवशी मी फळ्यावर गुणाकार करत होतो. मुलांच्या मधून आवाज आला, "नागोराव, हातचा राहिला."

वर्ग खो खो हसला. मी पाहिले, खरेच राहिला होता. मी खडू पुढे केला. वामनराव उठू लागले, पण मांडी घालून पायाला मुंग्या आल्या होत्या. दोन पोरांनी त्यांना धरून उभे केले. लंगडत ते फळ्यापाशी आले, माझा हिशेब पुसला आणि मुलांकडे तोंड करून म्हणाले, "पुन्हा करू. हळू करू. मलाही सवय राहिली नाही."

मी बाहेर ओट्यावर आलो. मुन्शीजी कान देऊन बसले होते. आतून वामनरावांचा आवाज येत होता. बारीक, थोडा घोगरा, मध्येच थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा.

"बोलून रायले?" मुन्शीजींनी विचारले.

"बोलताहेत."

आम्ही दोघे थोडा वेळ तसेच ऐकत बसलो. मग आम्हाला उठावे लागले, कारण तेवढ्यात ओट्यावरच्या पोरांनी गोंधळ घातला होता.